मेंढरांना हाक कुणी मारली?

या ग्रुपवरचे अनुभव मी नेमानं वाचते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात लाल पेनानं तपासते. ‘पायऱ्यांवर पैंजण वाजले’ — उंदीर बघा. ‘आपोआप दार उघडलं’ — कडी बघा. अख्खी नोकरी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली माझी, सवय जात नाही. भुतंखेतं, अंगात येणं, करणी, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही... पण मग आज मीच इथं का लिहायला बसले? हसा, हसा. मीही हसले असते.

तरुणपणी तर मी फारच भयंकर होते. औंधला यमाईच्या यात्रेत एका बाईच्या अंगात आलं, तर ही शहाणी नवी मास्तरीण हातातलं घड्याळ काढून तिच्या नाडीचे ठोके मोजायला गेली! त्या बाईनं — की देवीनं, कोण जाणे — अशी कानफटात दिली की चष्मा थेट नारळांच्या ढिगात. आणि गाल चोळत मी लोकांना काय सांगितलं? ‘बघा, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं.’ काय सिद्ध झालं ते मलाही माहीत नव्हतं. असला तो नमुना.

तर आता अनुभव. पोलीस चौकीचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेकडची एक छोटी चौकी, एवढं पुरे.

माझं माहेर आटपाडीकडचं. धनगराचं घर. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, पार कोरेगावपर्यंत येतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. पाऊस लागायच्या आत परत. मी लग्न होऊन कोरेगावची झाले, त्यामुळं दर वर्षी माहेरच चालत माझ्या दारात यायचं.

माझा मोठा भाऊ मायाप्पा, माझा दादा. मेंढका माणूस. प्रत्येक मेंढक्याची मेंढरांना मारायची हाक वेगळी असते, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. दोन कळप पाण्यावर एकत्र मिसळले तरी दोघांनी आपापली हाक दिली की मेंढरं बरोबर वेगळी होतात. दादाची हाक तर अशी, की ती दुसऱ्या कुणाला जमणं शक्य नव्हतं. बैलगाडीवरून पडून त्याचे पुढचे दोन दात गेले होते. आधी ‘हुर्रर्र’, मग त्या फटीतून एक फुटकी शीळ, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी, आणि शेवटी घशातून ‘ह्यॅ’. मला लाज वाटायची. मी म्हणायचे, “दादा, दात बसवून घे. काय ते अडाण्यासारखं!” तो म्हणायचा, “दात बसवल्यावर मेंढरं वळकतील व्हय मला? तू वळकशील, मेंढरांचं काय?”

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. आता मेंढरं राखतो त्याचा मुलगा सिदू. सिदूचे सगळे दात जागच्या जागी. त्याची हाक स्वच्छ, वेगळी. बापासारखी शीळ काढायला लहानपणी लय धडपडला, पण नुसती थुंकी उडायची. आणि दादाच्या वेळचं एकही मेंढरू आज कळपात उरलेलं नाही, सगळी त्याच्यामागं जन्मलेली. हे एवढं ध्यानात ठेवा.

शिमगा होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं. एके दिवशी सकाळी सिदूची बायको सखू एकटीच एसटीनं माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. झालं होतं असं: आदल्या दिवशी सिदू रस्त्याच्या कडेनं मेंढरं घेऊन चालला होता, सखू घोड्यावर संसार लादून पुढं गेली होती. पोलिसांची जीप थांबली. हवालदारसाहेबांना एक बकरा हवा होता, जेवणावळ होती म्हणे कुठंतरी. सिदू नाही म्हणाला. हवालदारानं बकऱ्याला हात घातला, तर सिदूनं खिशातला मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. झालं! मोबाईल गेला, आणि मेंढरं चोरीची असल्याचा ‘संशय’ आला. “चल चौकीवर, घिऊन चल सगळी.” सिदूनंच आपली मेंढरं हाकत चौकीत नेली. वाटेवरच्या गुऱ्हाळवाल्यानं हे सगळं पाहिलं आणि सखूला सांगितलं.

सखू चौकीवर पोचली तर आवारात मेंढरं होती. सिदू नव्हता.

“म्हणालं, पळून गेला,” सखू सांगत होती. “आत्ती, त्यो मेंढरं टाकून कवा पळंल का? त्यो मला टाकून पळंल येकवेळ, मेंढरं टाकून न्हाई पळायचा.”

पळाला म्हणून सांगितलेला माणूस दोन दिवसांनी विहिरीत सापडतो, अशा बातम्या मीही वाचल्या होत्या. त्या वाचताना मी चहा पीत असायचे, एवढाच फरक.

माझा मुलगा पुण्याला कामावर. त्याला फोन केला, त्यानं वकील बघतो म्हणून सांगितलं. पण वकील संध्याकाळी येणार. मी म्हटलं तोवर आपण जाऊ. धाडसी म्हणून नव्हे हं! खाकी पाहून माझी बोबडी वळते. तिशीत असताना मी पोस्टमनलासुद्धा दबकून नमस्कार करायचे. पण घरी बसणं त्याहून कठीण होतं.

भर दुपारी आम्ही चौकीवर पोचलो. आता जागा नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फाटकातून आत गेलं की समोर व्हरांडा, त्यात टेबल. टेबलामागं खुर्चीवर हवालदार, तोंड फाटकाकडं, पाठीला कोरी भिंत. डाव्या हाताला मोकळं आवार. आवाराच्या पार मागच्या कोपऱ्यात जुन्या क्वार्टरची एक खोली, पत्र्याची, बंद. फाटकाच्या खांबावर कॅमेरा, व्हरांडा आणि बाहेरचा रस्ता दोन्ही दिसतील असा. आणि आवारभर आमची मेंढरं. चौकीपुढची फुलझाडं, कुंडीतली तुळस, मेंदीचं कुंपण, सगळं फस्त! एवढ्या काळजीतही मला बरं वाटलं, लपवत नाही.

“मेंढक्याची कोण तुमी?” हवालदार.

“आत्या. रिटायर्ड शिक्षिका आहे मी.” हे मी उगाचच सांगितलं.

“मंग बाई, भाच्याला जरा शिकवायचं हुतं की. पोलिसाचं शूटिंग काढतो त्यो. आन पळाला भडवा.”

“कुठं पळाला?”

“पळणारा सांगून पळतो व्हय वं?” तो हसला. “हितं सही करा. मेंढका चौकीत आणलाच न्हाई, मेंढरं बेवारस सापडली, तुमी वळखून नेली. घिऊन जावा समदी. आमचं बी डोकं शांत. रातभर ब्यां ब्यां... कुणाला झोप न्हाई.”

व्हरांड्याच्या दाराशी एक तरुण महिला पोलीस उभी होती. नाव लिहीत नाही तिचं, ‘ताई’ म्हणते. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली फरशीकडं बघत होती. मुद्दाम.

सखूनं माझा दंड धरला. “आत्ती, सही नका करू.”

“नगं करू,” हवालदार म्हणाला. “मंग मेंढरं कोंडवाड्यात. चारा न्हाई, पानी न्हाई. चोरीची केस हायेच. भाचा घावला की त्येच्यावर लावू.”

मला कळत होतं, की त्या कागदावर सही म्हणजे सिदू या चौकीत आलाच नाही असं मीच लिहून देणं. मग त्याचं काहीही होवो. पण कोकरं उन्हात धापा टाकत होती, सखू रडत होती, आणि तो माणूस बोटांनी टेबलावर ताल धरत होता... मी पेन हातात घेतलं. घेतलं मंडळी. टोपण काढलं.

आणि हाक आली.

हुर्रर्र... ती फुटकी शीळ... ह्यॅ.

मी इतक्या वर्षांनी ऐकली, पण ओळखायला मला क्षणही लागला नाही. दादा. हाक आवाराच्या मागच्या कोपऱ्यातून, त्या पत्र्याच्या बंद खोलीतून आली. आतून येतो तसा, दबका, पत्र्याला धक्का देणारा आवाज.

मेंढरांनी रवंथ थांबवलं. सगळ्यांच्या माना एकदम वर. ब्यां ब्यां बंद. आणि मग सगळा कळप वळला आणि त्या खोलीच्या दाराकडं सुटला. दाराला अंगं घासायला लागली, एकमेकांच्या पाठीवर चढायला लागली. धूळ नुसती!

मी पळाले. या गुडघ्यांनी! दार जुनं, किडलेलं, आणि त्याला कुलूप मात्र नवं कोरं, चकचकीत.

“सिदू! ए सिदू!” आतून काही नाही.

“तिथं भंगार हाय!” हवालदार मागून ओरडत आला. “व्हा बाजूला! म्हातारे, सरकारी कामात—”

मी काय केलं सांगू? आयुष्यभर वर्गात जो आवाज वापरला तो काढला. शाळेचं मैदान पार करून जाणारा. रस्त्यावरची माणसं थांबली, समोरच्या चहाच्या टपरीवरची उठून कुंपणापाशी आली. कुंपण खाल्लेलं होतंच, सगळं स्वच्छ दिसत होतं. एकाचा मोबाईल वर झाला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे.

ताई पुढं आली. हवालदारापुढं हात पसरला. “चावी द्या.”

“ए, तुला कळतंय का तू काय करतीस?”

“चावी द्या साहेब. समदी बघत्यात.” तिनं हात मागं घेतला नाही.

त्यानं त्या मोबाईलांकडं पाहिलं आणि चावी जमिनीवर टाकली.

सिदू आत होता. भिंतीला टेकून, हात मागं बांधलेले. पायांचे तळवे... ते नाही लिहीत. सखूला अजून ते आठवलं की ती जेवत नाही. त्याच्या डोक्याचा पटका सोडून त्याच्याच तोंडात कोंबला होता, वरून आवळून गाठ. ताईनं आणि मी मिळून ती गाठ सोडवली. नखं मोडली माझी, इतकी घट्ट.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला. मी म्हटलं, “बाळा, तोंड बांधलेलं असताना तू हाक कशी मारलीस? तीही दादासारखी?”

“म्या कुठं मारली आत्ती?” तो म्हणाला. “आबांनी, माझ्या बापानं मारली की. भाईरनं. आवारातनं. मला वाटलं, मी मेलो. आबा न्यायला आलं.”

“बाहेरून? अरे, आम्ही बाहेर होतो. हाक आतून आली.”

“न्हाई आत्ती. भाईरनं.”

सखू म्हणाली तिनंही ऐकली. कुठून? तिला सांगता येईना.

पुढं तक्रार झाली, लोकांचे व्हिडिओ होतेच, वरून चौकशी लागली. पण व्हिडिओ सगळे नंतरचे, दार उघडतानाचे. हवालदाराचं म्हणणं असं, की मेंढका मागच्या कुंपणावरून पळाला होता, नंतर कुणी बाहेरच्यानं त्याला मारहाण करून त्या खोलीत कोंडलं, आपल्याला पत्ताच नव्हता, आणि चावी? ती नेहमी खिळ्यालाच असते, कुणीही घ्यावी. मग प्रश्न उरला की तो आत आहे हे आम्हाला कसं कळलं. आमचे वकील डोक्याला हात लावून बसले.

“आजी, ‘सिदूनं हाक मारली’ एवढंच म्हणा. मेलेल्या भावाचं नाव काढलंत तर ते म्हणणार, म्हातारीला भास होतात. तुमच्या बाकी जबाबाची किंमत शून्य. तो हवालदार सुटेल.”

मला पटलं. सिदूला नाही पटलं.

“म्या हाक मारली न्हाई,” तो म्हणाला. “त्ये खोटं बोलत्यात म्हणून आपन बी बोलायचं? मंग त्यांच्यात आन आपल्यात काय?”

तीन रात्री मला झोप नाही. तो माणूस सुटला तर परत त्याच रस्त्यावर येणार, आणि सिदूही त्याच रस्त्यावरून जाणार. मी खोटं बोलले तर सिदूच मला खोटं पाडणार. खरं बोलले तर वेडी ठरणार. विज्ञानाची बाई!

चौकशीचे अधिकारी साताऱ्याहून आलेले, शांत गृहस्थ. खोलीत ते, कॉम्प्युटरवर टाइप करणारा, मी, आणि समोर हवालदार. त्यांनी विचारलं, “आजी, आवाज कुणाचा वाटला?”

“माझ्या भावाचा.”

“ते कुठं असतात?”

“वारले.”

टाइप करणारा थांबला. हवालदार हसला, मिशीतल्या मिशीत. मला वाटलं, संपलं. पोराला मी बुडवलं.

“मग मेंढरं तिकडं का गेली, सांगता येईल?”

माझं तोंड सुटलं. “साहेब, मेंढरं तिकडं का गेली ते मेंढरांना विचारा. माझा भाचा तिथं का होता, ते ह्यांना विचारा.”

साहेबांनी टेबलावरचा स्क्रीन हवालदाराकडं फिरवला. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. आतले कॅमेरे ‘बंद’ होते, हा मात्र चालू राहिला होता. आवाज नाही, नुसतं चित्र. मी पेन घेऊन उभी. मेंढरं रवंथ करतायत. आणि मग, मेंढरांनी मान उचलायच्याही आधी, हवालदार खुर्चीत गर्रकन मागं वळतो. मागं कोरी भिंत. तो त्या भिंतीकडं बघत राहतो. मग मेंढरं धावतात.

“तुम्ही लिहून दिलंय की कसलाही आवाज आला नाही,” साहेब म्हणाले. “मग वळून भिंतीकडं काय बघताय?”

साहेबांनी परत दाखवलं. परत तो वळला, परत ती भिंत. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा रंग उतरला.

“आला आवाज,” तो म्हणाला. “मागनं आला. पार कानाशी. कुनीतरी पाठीला टेकून हुबं हुतं.”

“मागं भिंत आहे. म्हणजे सिदूच ओरडला असणार, खोलीतून.”

“न्हाई साहेब! त्यो न्हाई!”

“तोच. दुसरं कोण?”

“आवं त्यो कसा वरडंल साहेब? त्येच्या तोंडात बोळा हुता की!”

हवालदारानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं, लहान मूल झाकतं तसं.

टाइप करणाऱ्यानं हळूच विचारलं, “साहेब, हे घेऊ?”

“जसंच्या तसं घ्या.”

हवालदार निलंबित आहे, केस उभी राहिली आहे. ताईची बदली झाली, लांब, तिला नको होतं तिथं. चांगलं वागल्याचं हे फळ. तिला मी अधूनमधून फोन करते. ती म्हणते, “आजी, मी काय ऐकलं त्ये मला इचारू नका.” मी विचारत नाही.

आता तुम्ही कॉमेंटमध्ये लिहाल ते मी आधीच तपासून ठेवलंय. सिदूनं बोळ्यातून आवाज काढला असेल — बोळा मी सोडवलाय, त्यातून श्वास जाईना, शीळ कुठली? रस्त्यावरून दुसरा मेंढका गेला असेल — चित्रात रस्ता दिसतो, मेंढका नाही. आमच्या मनाचे खेळ — असतील, पण मेंढरांच्या मनाचे? दादाची हाक न ऐकलेली मेंढरं त्या हाकेला धावली कशी? एकच आवाज मला खोलीतून, सिदूला आवारातून आणि त्या माणसाला भिंतीतून कसा आला? मी हे सगळं फळ्यावर मांडल्यासारखं मांडून बघितलं. उत्तर येत नाही. तरुणपणीची ती शहाणी आज असती तर कुणाची तरी नाडी मोजायला निघाली असती. मी नाही जात.

यंदाही मेंढरं इकडं आली आहेत. मी सिदूला म्हटलं, रस्ता बदल, लांबून ये. तो म्हणाला, “आत्ती, रस्ता काय त्यांचा हाय व्हय?” आज तो त्या चौकीवरून पुढं सरकणार होता. पार झाला की फोन करतो म्हणाला होता. दुपार कलली, त्याचा फोन अजून आलेला नाही. सखूचाही लागत नाही, रेंज नसेल. मोबाईल समोर ठेवून हे लिहितेय. कशाचंच स्पष्टीकरण नाही मिळालं तरी चालेल मला आता... पोराचा फोन तेवढा यावा.